‘बँक चोर’ : एक फसलेलें प्रहसन

प्रहसन ही वाङ्मयांतील हलकी बाब आहे, असा समज आपल्या सुशिक्षित वर्गांत फार दिवसांपासून रूढ आहे. शोकांतिकेस प्रतिभा लागते आणि प्रहसनास चार कोट्या व दोन विक्षिप्त माणसें पुरतात, असें मानणारे लोक आजहि थोडे नाहींत. ह्या समजाचा मोठा तोटा असा कीं, वाईट प्रहसनाची कोणी चिकित्साच करीत नाहीं. वाईट शोकांतिकेवर टीकाकार तुटून पडतो. वाईट प्रहसनाविषयीं मात्र ‘हंसूं आलें नाहीं’ एवढें बोलून तो मोकळा होतो. हंसूं कां आलें नाहीं, हा खरा टीकेचा प्रश्न होय. आणि तो विचारण्यास सर्वस्वीं टाकाऊ कृति उपयोगी पडत नाहीं. जिच्या मुळाशीं कांहीं चांगलें बीज होतें आणि तरीहि जी फुकट गेली, अशीच कृति त्यासाठीं घ्यावी लागते. १६ जून २०१७ रोजीं प्रदर्शित झालेला ‘बँक चोर’ हा हिंदी चित्रपट अशा कृतींपैकीं एक आहे.

चित्रपट हिंदी असला तरी मराठी वाचकांनीं त्याचा विचार करण्यास सबळ कारण आहे. त्याचा नायक चंपक चंद्रकांत चिपळूणकर हा मुंबईचा मराठी मनुष्य. ती भूमिका करणारे श्री. रितेश देशमुख मराठी. आणि घटनास्थळहि मुंबईच. यशराज ह्या बड्या संस्थेच्या ‘वाय-फिल्म्स’ ह्या तरुण प्रेक्षकांसाठीं काढलेल्या शाखेनें तो माफक खर्चांत तयार केला. दिग्दर्शक ‘बंपी’ ह्या एकशब्दी नांवानें ओळखले जातात. चित्रपटगृहांत तो चालला नाहीं. परंतु चालला नाहीं म्हणून तो वाईट, असें म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. न चाललेले पुष्कळ चित्रपट चांगले असतात आणि चाललेल्यांविषयीं न बोललेलेंच बरें.

कथा थोडक्यांत अशी. चंपक आणि दिल्लीकडचे त्याचे दोन साथीदार, गेंदा व गुलाब, हे मुंबईंतील एका बँकेंत दरोडा घालण्यास शिरतात. चंपकनें साधूचा वेष घेतला आहे. बाकीच्या दोघांच्या तोंडावर हत्तीचा व घोड्याचा मुखवटा आहे. तिघांनाहि हें काम येत नाहीं. गिऱ्हाइकें व नोकर ओलीस धरले जातात, बाहेर पोलिसांचा वेढा पडतो, अमजद खान नांवाचा केंद्रीय तपास खात्याचा कडक अधिकारी (श्री. विवेक ओबेरॉय) येऊन दाखल होतो, आणि दूरचित्रवाणीची एक बातमीदार बाई (रिया चक्रवर्ती) हा सर्व प्रकार घरोघर पोंचवूं लागते. उत्तरार्धांत कथा वळण घेते. ओलिसांपैकींच एक जण खरा मुरलेला गुन्हेगार निघतो, मागें राजकारणाचा हात दिसूं लागतो, आणि चंपकहि दिसतो तितका भोळा नाहीं असें शेवटीं उमगतें.

हें बीज वाईट आहे असें कोणीहि म्हणणार नाहीं. न येणारें काम अंगावर घेणारा मनुष्य हा प्रहसनाचा सनातन नायक आहे. बहुतेक कथा एकाच इमारतींत घडते, ही गोष्टहि नाट्याच्या दृष्टीनें लाभाचीच. मग चुकलें कोठें?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा दोष पैशाच्या कमतरतेचा नव्हे. विनोदास पैसा फारसा लागत नाहीं. किंबहुना गरिबी विनोदाच्या पथ्यावरच पडते. १९३९ सालीं आचार्य अत्रे आणि मास्टर विनायक ह्यांनीं ‘ब्रँडीची बाटली’ हा चित्रपट काढला. त्यांत काय आहे? ब्रँडी म्हणजे काय हेंहि ठाऊक नसलेला नगरपालिकेचा एक भित्रा कारकून, आणि एक बाटली मिळविण्यासाठीं त्याची चाललेली पायपीट. एवढ्या भांडवलावर त्या काळच्या सोंवळ्या समाजाची सारी दांभिकता अत्र्यांनीं उघडी केली. इटलींत १९५८ सालीं मारिओ मोनिचेल्ली ह्यांनीं ‘ई सोलिती इन्योती’ ह्या नांवाचा चित्रपट काढला. रोममधील कांहीं भणंग माणसें एका रिकाम्या घरांतून शेजारच्या पेढीची तिजोरी गांठण्याचा बेत करतात. पाहतात तों फोडलेली भिंत भलतीच निघते आणि पलीकडे त्याच घराचें स्वयंपाकघर लागतें. शेवटीं तीं माणसें तेथें सांपडलेलें चण्यांचें कालवण खात बसतात. ह्या प्रसंगास खर्च तो किती लागला असेल? पण भुकेलेल्या माणसाच्या हातीं तिजोरीऐवजीं जेवण लागावें, ह्यांत त्या शहराच्या दारिद्र्याचें सगळें सत्य येऊन गेलें आहे. तेव्हां ‘बँक चोर’ फसला तो निराळ्याच कारणांनीं.

पहिलें आणि मुख्य कारण असें कीं, ह्या चित्रपटांतील बँक ही बँकच नाहीं. दरोडेखोर, पोलीस व ओलीस ह्यांना एकत्र कोंडण्यासाठीं उभारलेला तो एक देखावा आहे. तेथें कोणाचे पैसे आहेत, ते कोणत्या कामासाठीं ठेवलेले आहेत, ते गेले तर कोणाचें काय बुडणार आहे, ह्यांपैकीं कशाचीहि चौकशी चित्रपटास करावीशी वाटत नाहीं. ओलीस धरलेलीं माणसें हीं बँकेंत आलेलीं माणसें वाटत नाहींत. विनोदासाठीं भाड्यानें आणलेलीं वाटतात. बाबा सहगल हे गायक तर स्वतःच्याच नांवानें त्यांत वावरतात! एखादा प्रसिद्ध मनुष्य आपल्याच नांवानें येऊन गेला म्हणजे विनोद झाला, ही समजूत अलीकडे फार बळावली आहे.

वास्तविक बँक ही आपल्या मध्यमवर्गीय जीवनांतील केवढी मोठी रंगभूमि आहे! मुलीच्या लग्नासाठीं ठेवलेली मुदत ठेव, पेन्शनीच्या तारखेस सकाळपासून पायरीवर बसलेले वृद्ध, कोट्यवधि रुपयांचीं कर्जें देणाऱ्या संस्थेनें दोरीनें बांधून ठेवलेलें दीड दमडीचें पेन, पूर्वीं टोकन व आतां ‘लिंक नाहीं’ हा मंत्र, ह्या सर्वांत हास्य आणि करुण दोन्ही काठोकाठ भरलेलीं आहेत. शिवाय हा चित्रपट आला तो काळ कोणता? ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीं पांचशें व हजार रुपयांच्या नोटा रद्द झाल्याचें जाहीर झालें आणि पुढचे कित्येक आठवडे सारा देश बँकांच्या दारांत उभा राहिला. स्वतःचेच पैसे स्वतःस मिळावेत म्हणून आर्जवें करण्याची पाळी सज्जनांवर आली. त्यानंतर अवघ्या सात महिन्यांनीं एक चित्रपट बँकेवर विनोद करण्यासाठीं पुढें येतो आणि त्या रांगेची साधी सांवलीहि त्यावर पडलेली नसते. कथा आधींपासून तयार असेल, चित्रण अगोदरच झालें असेल. परंतु मुळांतच ती कथा खऱ्या बँकेपासून इतकी दूर होती कीं, देशांतील सर्वांत मोठ्या बँकप्रसंगाचाहि तिला स्पर्श होऊं शकला नाहीं.

हा मुद्दा मुंबईपेक्षां जव्हार-मोखाड्यासारख्या मुलखांत अधिक स्पष्टपणें ध्यानांत येतो. पालघर जिल्ह्याच्या ह्या डोंगराळ तालुक्यांत पैसा आणि मनुष्य ह्यांच्यामध्यें बँक आली ती फार उशिरा. त्याआधीं होता तो सावकार. ह्याच वारली मुलखाच्या पश्चिमेस, डहाणू-तलासरीकडे, लग्नासाठीं घेतलेल्या कर्जापायीं नवरा-बायको दोघेंहि सावकाराचे ‘लग्नगडी’ होऊन राबत. ती वेठ मोडण्यास १९४५ चा वारल्यांचा लढा आणि गोदावरी व शामराव परुळेकर ह्यांचें नेतृत्व लागलें. आजहि दिवाळीनंतर पाड्यांवरचीं कुटुंबें वीटभट्ट्यांकडे व बांधकामांकडे भिवंडी-वसईच्या बाजूस उतरतात, आणि पुष्कळांच्या मजुरीचा हिशेब आधीं घेतलेल्या उचलींतच फिटतो. रोजगार हमीची मजुरी आतां खात्यावर जमा होते. पण ती जमा झाली कीं नाहीं हें पाहण्यासाठीं तालुक्याच्या गांवीं यावें म्हटलें तर एका दिवसाची मजुरी बुडते. अशा माणसास बँकेची तिजोरी दाखविली तर त्याला काय दिसेल? त्याला प्रथम दिसेल तो काउंटर, मागाहून तिजोरी. दरोडेखोराच्या हातांतील पिस्तुलाइतकीच कारकुनाच्या हातांतील पेनाची धास्ती वाटणें, हा अनुभव ज्या लेखकास ठाऊक असेल त्यानें बँकेवर प्रहसन लिहावें.

दुसरा दोष ह्यांतूनच उत्पन्न होतो. ह्या चोरांना चोरीची गरज आहे असें आपणांस कधींच वाटत नाहीं. त्यांना पैसा हवा आहे, एवढें सांगितलें जातें. पण सांगणें निराळें आणि पटविणें निराळें. १९७५ चा ‘डॉग डे आफ्टरनून’ हा सिडनी ल्युमेट ह्यांचा चित्रपट पाहावा. १९७२ सालीं ब्रुकलिनमध्यें प्रत्यक्ष घडलेल्या दरोड्यावर तो आधारलेला आहे. तेथेंहि चोर अनाडी आहेत. तेथेंहि ओलीस, वेढा, बातमीदार, सर्व कांहीं आहे. त्यांनीं तिजोरी उघडावी तों रोकड आधींच उचलून नेलेली असते आणि हातीं जेमतेम अकराशें डॉलर लागतात! हा प्रसंग हास्यकारक आहे, परंतु हंसतां हंसतां आपण थबकतों. कारण त्या मनुष्याच्या निकडीची खूण आपल्याला पटलेली असते. १९५१ च्या ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’ ह्या इंग्रजी चित्रपटांत वर्षानुवर्षें बँकेच्या सोन्याची इमानेंइतबारें ने-आण करणारा कारकूनच चोर होतो आणि चोरलेलें सोनें आयफेल मनोऱ्याच्या खेळण्यांत ओतून परदेशीं पाठवितो. तेथें नड पैशाची नाहीं, साऱ्या हयातीच्या दबलेपणाची आहे. तथापि ती नड खरी आहे. चंपकची नड मात्र पटकथेची आहे. त्यानें दरोडा घातला नाहीं तर चित्रपट होणार नाहीं, म्हणून तो दरोडा घालतो.

तिसरा दोष मुखवट्यांचा. आणि येथें पुन्हां मोखाड्याकडे वळावेंसें वाटतें. ह्या भागांत उन्हाळ्याच्या तोंडीं गांवोगांव बोहाडा होतो, आणि मोखाड्याचा बोहाडा त्यांत विशेष प्रसिद्ध आहे. रात्रीच्या वेळीं, मशालींच्या उजेडांत आणि संबळाच्या ठेक्यावर एकामागून एक सोंगें येतात. गणपति येतो, शारदा येते, नरसिंह, रावण, त्राटिका येतात, आणि अखेर देवी व महिषासुर ह्यांचें युद्ध होतें. लांकडाचा वा कागदाच्या लगद्याचा तो भला मोठा मुखवटा तोंडावर चढला कीं, आंतला मनुष्य स्वतःच्या चालीनें चालत नाहीं. ज्याचें सोंग त्याची चाल, ज्याचें सोंग त्याचा ठेका. कांहीं सोंगांचा मान विशिष्ट घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो. मुखवट्यामागें कोण आहे हें साऱ्या गांवास ठाऊक असतें. काल ज्याच्याबरोबर लांकडें तोडलीं तोच आज रावण झाला आहे हें पाहून पोरें खिदळतात, आणि तोच रावण अंगावर चालून आला म्हणजे तींच पोरें आईच्या मागें लपतात. हंसें आणि भय ह्यांचें इतकें जवळचें नातें मोठमोठ्या नाटककारांसहि सहज साधत नाहीं.

ह्याचें मर्म काय? मुखवटा हा धारण करणाऱ्याच्या अंगीं कांहींतरी घालतो. तो भित्र्यास धीट करील, लहानास मोठा करील किंवा नेमक्या वेळीं गळून पडून त्याची फजिती करील. पण तो कांहींतरी करील. यंत्राप्रमाणें वागणारा सजीव मनुष्य हास्यास्पद होतो, असें बर्गसाँनें आपल्या हास्यविषयक निबंधांत १९०० सालींच दाखवून दिलें आहे. हत्तीचा मुखवटा घातलेला मनुष्य हत्तीसारखा वागूं लागला, किंवा हत्ती होऊनहि उंदरासारखा पळूं लागला, तर हंसें पिकेल. ‘बँक चोर’मधील हत्ती आणि घोडा ह्यांना मुखवटा असला काय आणि नसला काय, सारखेंच. साधूच्या वेषाचीहि तीच गत. आपल्या समाजांत भगव्या वस्त्रास केवढा मान! दरोडेखोर साधु होऊन बँकेंत शिरतो म्हटल्यावर कोणी पायां पडावें, कोणी मुलाच्या नोकरीविषयीं विचारावें, व्यवस्थापकानें प्रथम आशीर्वाद घ्यावा आणि मग हात वर करावे, अशा कितीतरी गोष्टी त्या वेषानें आपण होऊन पुरविल्या असत्या. परंतु जाहिरातीच्या चित्रांत शोभून दिसणें एवढेंच काम ह्या सोंगांकडे सोंपविलेलें आहे.

गंमत अशी कीं, चित्रपटाच्या पोटांत सोंगाची एक फार चांगली कल्पना दडलेली होती. चंपकचें भोळेपण हेंच एक सोंग असेल, तर त्याच्या प्रत्येक बावळट बोलण्यास दोन अर्थ येऊं शकत होते. एक पोलिसांसाठीं, एक आपल्यासाठीं. ‘एकच प्याला’मधील तळीरामाच्या बरळण्यांत गडकऱ्यांनीं विनोद आणि विनाश एकाच वेळीं कसे गोंविले आहेत तें मराठी वाचकांस सांगावयास नको. येथें मात्र ही कल्पना अखेरीस पत्ता उघडावा तशी उघडली जाते. पूर्वार्धांतील विनोद तिच्यामुळें अधिक अर्थपूर्ण होत नाहींत. उलट ते खोटे ठरतात. आपण ज्या फजितीस हंसलों ती फजिती नव्हतीच, असें सांगून लेखक आपलें हंसूं परत मागून घेतो. शिवाय गंभीर गुन्हेगार, राजकारणी आणि पाठलाग ह्यांचें आगमन होतांच प्रहसन संपतें आणि एक सामान्य रहस्यपट सुरू होतो. लग्नाच्या पंगतींत निम्मी पंगत उठण्यापूर्वींच श्राद्धाचें ताट मांडावें, तसला हा प्रकार आहे.

चौथा दोष भाषेचा व अभिरुचीचा. चित्रपटाचें नांवच मुळीं एका हिंदी शिवीशीं असलेल्या ध्वनिसाम्यावर बेतलेलें आहे. आणि दारावरच ज्यानें आपली सर्वांत मोठी कोटी खर्च करून टाकली, त्याच्या घरांत पुढें काय मिळणार? आंत गेल्यावर मुंबई चांगली कीं दिल्ली चांगली, ह्या वादावर प्रसंगामागून प्रसंग काढलेले आहेत. दोन शहरांच्या स्वभावभेदांत विनोद नाहीं असें नाहीं. पण त्यासाठीं तो स्वभाव ठाऊक असावा लागतो. चिपळूणकर हें आडनांव, एक धांदरट पापभीरुपणा आणि मधून मधून पेरलेले मराठी शब्द, एवढ्यानें मराठी मनुष्य तयार होत नाहीं. चिं. वि. जोशी ह्यांचा चिमणराव पाहावा. तो भित्रा आहे, बावळट आहे, कारकून आहे; परंतु त्याचें बिऱ्हाड, त्याचा गुंड्याभाऊ, त्याची काऊ, त्याची प्रतिष्ठेची हौस, हें सर्व इतकें नेमकें आहे कीं, त्यास हंसणारा वाचक आपल्याच घरास हंसत असतो. चंपकला हंसणारा प्रेक्षक मात्र कोणालाच हंसत नाहीं. ह्यांत श्री. देशमुखांचा दोष थोडा. विनोदाचें अंग त्यांना आहे, आणि संयमहि आहे. कित्येक ठिकाणीं लेखणीनें न दिलेलें आर्जव ते केवळ चेहऱ्यानें पुरवितात. पण नट हा व्याज देऊं शकतो. मुद्दल लेखकानेंच घालावें लागतें.

आतां ह्यावर कोणी असें म्हणेल कीं, दोन घटका करमणुकीसाठीं काढलेल्या चित्रपटास एवढे गंभीर प्रश्न विचारण्याचें प्रयोजन काय? आक्षेप योग्य आहे, आणि त्याचें उत्तर त्याच वर्षानें देऊन ठेवलें आहे. चित्रपटानंतर पांचच महिन्यांनीं, नोव्हेंबर २०१७ मध्यें, नवी मुंबईंत जुईनगर येथें बँक ऑफ बडोदाच्या शाखेंत चोरी झाली. चोरांनीं जवळच एक दुकान भाड्यानें घेतलें, त्याआडून भुयार खणलें आणि सुटीच्या दिवसांत लॉकर असलेल्या खोलींत निघून तीसांच्या आसपास लॉकर फोडले. वर दुकान आणि खालीं भुयार! वुडी ॲलन ह्यांनीं २००० सालीं ‘स्मॉल टाइम क्रुक्स’मध्यें हीच कल्पना योजून भुयार फसतें आणि आडोशास काढलेलें बिस्किटांचें दुकानच तुफान चालतें असें दाखविलें होतें. आमच्याकडे तीच गोष्ट प्रत्यक्षांत घडली, पण ती पाहण्यास आमच्या प्रहसनकारांस सवड नव्हती. आणि ज्यांचे दागिने गेले त्यांच्यासाठीं तर ती मुळींच हंसण्याची गोष्ट नव्हती. दोन वर्षांनीं, सप्टेंबर २०१९ मध्यें, पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेनें निर्बंध घातले आणि आरंभीं ठेवीदारांना खात्यांतून फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा राहिली. तेथें कोणी मुखवटा घालून आला नव्हता, कोणी भिंत फोडली नव्हती. एकाच उद्योगसमूहास दिलेलीं प्रचंड कर्जें हजारों बनावट खात्यांआड लपविल्याचा आरोप झाला. म्हणजे दाराबाहेर बंदूकधारी रखवालदार बसलेला असतां धोका होता तो आंत, खुर्चीवर!

हें भविष्य चित्रपटानें वर्तवावयास हवें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण बँक म्हणजे विश्वासाचें घर, आणि तेथें चोर कोण व साव कोण हें कपड्यांवरून ओळखतां येत नाहीं, एवढें जर लेखकानें आरंभापासून मनांत धरलें असतें, तर त्याचा साधु, त्याचा हत्ती, त्याचा घोडा, त्याचा बेरकी राजकारणी, सगळेच जिवंत झाले असते. कारण मुखवट्याची कथा आणि बँकेची कथा ह्या मुळांत एकच आहेत. ‘बँक चोर’च्या हातांत ह्या दोन्ही कथा होत्या आणि त्याला त्यांची गांठ मारतां आली नाहीं.

मराठींत किंवा मराठी माणसाविषयीं पुढें जो कोणी अशा विषयावर लिहील, त्यानें मोठी रक्कम हातीं नाहीं म्हणून हताश होण्याचें कारण नाहीं. त्यानें एखाद्या तालुक्याच्या गांवीं, आठवड्याच्या बाजारादिवशीं, बँकेंत तास दोन तास बसून यावें. अंगठा यंत्रावर उमटत नाहीं म्हणून परत फिरणारी म्हातारी, खात्यांत पैसे आले कीं नाहीं हें तिसऱ्यांदा विचारणारा मजूर, आणि दोघांवरहि खेंकसून मग हळूच त्यांचा अर्ज स्वतःच भरून देणारा कारकून हीं तिन्ही माणसें त्याला तेथें भेटतील. चोर आंत शिरण्यापूर्वीं हीं माणसें त्या बँकेंत बसलेलीं असलीं पाहिजेत. तीं बसलेलीं असलीं म्हणजे चोरानें काय करावें हें लेखकास फारसें शोधावें लागणार नाहीं.